शब्दचर्चा : ईव्हीला ‘अ‍ॅव्हरेज’ असतं का?

प्रश्न (गंगापूर रोड)
गाड्यांच्या मराठी परीक्षणांत ईव्हीची, म्हणजे विजेवरच्या गाडीची, गोष्ट निघाली की ‘रेंज’ हाच शब्द येतो. नाशिकमध्ये शोरूमला गेलेला माणूस मात्र अजून “अ‍ॅव्हरेज किती देते?” असंच विचारतो आणि त्याला “साडेचारशे” असं उत्तर मिळतं. हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे धरायचे का? आणि रेंजला ‘पल्ला’ म्हटलेलं चालेल का?

सातपूरहून
एक धरूच नका, गिऱ्हाइकाचं नुकसान होतं. अ‍ॅव्हरेज म्हणजे लिटरला किती किलोमीटर. टाकी लहान की मोठी, याचा तिथे संबंध नाही. रेंज म्हणजे एकदा फुल चार्ज केल्यावर गाडी किती जाईल. ती नुसती मोठी बॅटरी बसवूनही वाढते, मग गाडी वीज खाणारी का असेना!

आपल्या नाशिकच्या कारखान्यात तयार झालेली महिंद्राची एक्सयूव्ही ४०० घ्या. बॅटरी ३९.४ किलोवॉट-अवरची, कंपनीने सांगितलेली रेंज ४५६ किमी. किलोवॉट-अवर म्हणजे लाइट बिलावरचं युनिटच. भागाकार केला की युनिटला साडेअकरा किमी निघतात. अ‍ॅव्हरेज ते. तेही चाचणीतलं, जिथे गाडी रोलरवर ठरवून दिलेल्या क्रमाने वेग कमी-जास्त करत चालवतात. परीक्षण करणाऱ्याने रस्त्यावरचा आकडा काढून द्यायला हवा आणि तो युनिटला किती असाच द्यायला हवा. दोन कंपन्यांच्या गाड्या त्यावरच ताडून बघता येतात.

इंदिरानगरहून
पूर्ण सहमत. फक्त युनिट कुठे मोजलं तेही लिहावं. पार्किंगमधल्या मीटरवर जेवढी युनिटं पडतात तेवढी बॅटरीत उतरत नाहीत, चार्जिंगमध्ये थोडी वीज उष्णता होऊन जाते. खिशाला मीटरचंच अ‍ॅव्हरेज लागू पडतं. गाडीच्या स्क्रीनवरचं नेहमी जरा गोड दिसतं.

शिवाय रस्ता सांगा. मुंबईला जाताना कसारा घाट उतारावर असतो. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकं मोटरला फिरवतात, मोटरचं जनित्र होतं आणि वीज बॅटरीत परत जाते. इगतपुरी सोडताना दिसणारी टक्केवारी कसाऱ्याला थोडी वाढलेली सापडते. येताना तोच घाट चढायचा असतो, तेव्हा ती भराभर उतरते. गाडी तीच, रस्ता तोच, अ‍ॅव्हरेज दोन. “नाशिक-मुंबई केलं, इतकी रेंज मिळाली” असं लिहिणाऱ्याने जाताना की येताना हे सांगितलंच पाहिजे.

दिंडोरीहून
‘पल्ला’ अगदी चपखल आहे. लांब पल्ल्याची एसटी आपण रोज म्हणतो. ‘रेंज’ म्हटलं की आमच्या गावात माणूस मोबाइल घेऊन गच्चीवर जातो.

‘मोटर’बद्दलही थोडं. द्राक्षबागेत मोटर म्हणजे विहिरीवरची. ती जळते, मग वाइंडिंग भरायला टाकतात. त्यामुळे परीक्षणात ‘मोटर १५० पीएसची’ (पीएस म्हणजे जवळपास एचपीच) वाचलं की इकडच्या माणसाला ताकद लगेच कळते, कारण साडेसात एचपीची मोटर किती पाणी उपसते हे त्याने पाहिलेलं असतं. तिथे ‘विद्युत चलित्र’ वगैरे घालू नये. गाडीसाठी ‘मोटार’ आणि यंत्रासाठी ‘मोटर’ हा जुना फरकही लिहिताना पाळावा, ईव्हीत दोन्ही एकाच वाक्यात येतात.