दोघंही सिकलसेलचे वाहक असतील तर आजारी मुलाचे ते २५ टक्के येतात कुठून? मेयोसिस (अंडं-शुक्राणू बनवणारं पेशीविभाजन) १ की २?

बारावीचं_भूत
नमस्कार मंडळी, प्रश्न अर्धा अभ्यासाचा आणि अर्धा घरचा आहे. माझे मामा-मामी दोघंही सिकलसेलचे वाहक, म्हणजे एएस, हिमोग्लोबिनचं एक नेहमीचं ए जीन आणि एक बिघडलेलं एस. लग्नाआधी कुणी तपासलंच नव्हतं, पहिली मुलगी एसएस, म्हणजे आजारी, निघाली तेव्हा कळलं. आता दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय आणि आजी सगळ्यांना सांगत फिरतेय की डॉक्टर म्हणाले चारात एक, तो एक होऊन गेला, आता पुढची तिघं ठणठणीत. मी पनेट स्क्वेअर (आईबापांची जीन जुळवून बघायचा चार घरांचा चौकोन) काढून दाखवला तर म्हणते, बघ, चार घरं, एकच वाईट, मी तरी दुसरं काय सांगतेय! आता यावर काय बोलायचं?

दुसरी गोष्ट अशी की क्लासमध्ये शिकवलं, मेंडेलचं सेग्रिगेशन (जोडीतली दोन जीन वेगळी होणं) म्हणजे मेयोसिसच्या पहिल्या विभाजनातला अ‍ॅनाफेज १, होमोलॉगस, म्हणजे जोडीचे, क्रोमोसोम वेगळे होतात, ए एका पेशीत, एस दुसऱ्या पेशीत, विषय संपला. पण क्रॉसिंग ओव्हर (जोडीच्या क्रोमोसोमांत तुकड्यांची अदलाबदल) तर त्याच्या आधीच होतं ना, प्रोफेज १ मध्ये? मग एकाच क्रोमोसोमच्या एका क्रोमॅटिडवर (दोन प्रतींपैकी एकीवर) ए आणि दुसऱ्यावर एस असं झालं तर अ‍ॅनाफेज १ ला वेगळं काय झालं? सरांना विचारलं तर म्हणाले नीटला एवढं खोलात येत नाही, पुढे चला.

वाटाणे_सोलणारा
आधी आजीचं बघू, कारण ते जास्त तातडीचं आहे.

पनेट स्क्वेअरची चार घरं म्हणजे चार मुलं नव्हेत. तो चौकोन एकाच गर्भधारणेचा असतो, एका बाळाच्या चार शक्यता. दुसऱ्या बाळाच्या वेळी नवा चौकोन, तिसऱ्याच्या वेळी आणखी नवा. आधीच्या बाळाला काय मिळालं याची नोंद ना अंडाशयात असते ना वृषणात, त्यामुळे मामीच्या पुढच्या बाळालाही २५ टक्केच, ना कमी ना जास्त. आजीला आकडेच हवे असतील तर असे सांग: दोघंही एएस असलेल्या जोडप्याची दोन्ही मुलं एसएस नसण्याची शक्यता ३/४ गुणिले ३/४, म्हणजे ९/१६, साधारण ५६ टक्के. चार मुलं झाली आणि चौघांतही एसएस नाही असं ८१/२५६ वेळा होतं, म्हणजे जवळपास ३२ टक्के. म्हणजे असली जोडपी गावागावात असतात, ज्यांची चारही मुलं बरी असतात आणि त्यामुळे आपण वाहक आहोत हे त्यांना आयुष्यभर कळतही नाही.

मेंडेललाही हे दिसलं होतं. गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांची त्याची एकूण बेरीज ५४७४ आणि १८५०, म्हणजे ३ ला १ च्या अगदी जवळ. पण एकेका झाडाचं बघितलं तर एका झाडावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले, दुसऱ्यावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले! हे त्याने लपवलं नाही, १८६६ च्या पेपरात छापलंय. घर म्हणजे एक झाड, आणि तेही दोन-तीन दाण्यांचं. तिथे ३:१ शोधायचं नाही.

आणि एक, जे लोक नेहमी चुकतात. जे मूल आजारी नाही हे नक्की झालंय ते वाहक असण्याची शक्यता १/२ नाही, २/३ असते, कारण एसएसचं घर खोडल्यावर तीनच घरं उरतात आणि त्यातली दोन एएस. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

आता तुझा मेयोसिसचा मुद्दा. तुझी शंका एकदम बरोबर आहे, आणि सिकलसेलच्या बाबतीत तर जास्तच, कारण बीटा ग्लोबिनचं जीन ११ नंबरच्या क्रोमोसोमवर आहे, छोट्या भुजेच्या पार टोकाकडे, ११पी१५ ला. सेंट्रोमिअर, म्हणजे क्रोमॅटिड जिथे जोडलेले असतात ती जागा, तिच्यापासून लांब. सेंट्रोमिअर आणि जीन यांच्या मधे एक क्रॉसओव्हर झाला की काय होतं ते वहीत रंगीत पेनने काढून बघ. दोन्ही होमोलॉगवर एक क्रोमॅटिड एवाला आणि एक एसवाला. अ‍ॅनाफेज १ मध्ये सेंट्रोमिअर वेगळे होतात खरे, पण दोन्ही पेशींत ए पण गेला आणि एस पण गेला. या जीनपुरतं सेग्रिगेशन झालंच नाही, ते होतं अ‍ॅनाफेज २ ला, सिस्टर क्रोमॅटिड सुटतात तेव्हा. (त्या वेळी त्यांना सिस्टर म्हणणं पण जरा नावापुरतंच.) क्रॉसओव्हर मधे झालाच नाही तर पुस्तकासारखं अ‍ॅनाफेज १ ला. दोन झाले तर कुठले क्रोमॅटिड गुंतलेत त्यावर ठरतं. पण कुठल्याही वाटेने गेलं तरी शेवटी चार पेशींत दोन ए, दोन एस, म्हणून ५०-५० ला धक्का लागत नाही.

हे कागदावरचं नाही, डोळ्यांनी दिसतं. न्यूरोस्पोरा नावाची बुरशी आहे, तिच्या अस्कसमध्ये (बीजाणूंच्या पिशवीत) आठ बीजाणू एका ओळीत, विभाजनाच्या क्रमाने अडकून बसलेले असतात. रंगाचा फरक असलेलं जीन घेतलं तर काही अस्कसमध्ये चार काळे-चार फिके सलग दिसतात, ते पहिल्या विभाजनात वेगळे झालेले. काहींमध्ये दोन-दोन-दोन-दोन किंवा दोन-चार-दोन, ते दुसऱ्या विभाजनात. जीन सेंट्रोमिअरपासून जितकं लांब तितके दुसऱ्या प्रकारचे जास्त, आणि त्या प्रमाणावरून अंतर पण मोजतात.

सिकलसेल_लॅबवाला
भाऊ, मी विदर्भात एका ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये आहे, थिअरी वरच्यांनी भारी सांगितली, मी फक्त रिपोर्टचं सांगतो कारण घरोघरी तिथेच घोळ होतो. कॅम्पमध्ये आधी होते ती सोल्युबिलिटी टेस्ट. ट्यूबमध्ये डायथायोनाइटचं द्रावण, त्यात थोडंसं रक्त टाकायचं, पाचेक मिनिटं थांबायचं आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण ही टेस्ट फक्त एस आहे एवढंच सांगते, एएस की एसएस ते सांगत नाही! लोक पॉझिटिव्ह ऐकून एक तर रडत बसतात नाहीतर नुसता वाहक असेल म्हणून सोडून देतात. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस (विजेने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करायचे) किंवा एचपीएलसी (तेच काम करणारी दुसरी तपासणी) करावीच लागते. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, त्यांच्या रक्तात अजून एफ, म्हणजे गर्भातलं, हिमोग्लोबिन भरपूर असतं.

इलेक्ट्रोफोरेसिसला मामाच्या रक्ताचे दोन पट्टे दिसतील, एक ए चा आणि एक एस चा. तुझ्या मामेबहिणीला ए चा पट्टा नसेलच (अलीकडे रक्त चढवलं असेल तर तो दात्याचा दिसेल, ते विचारून घ्यावं लागतं). पट्टे वेगळे का पडतात ते तुमच्या पुस्तकातच आहे बघ, बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन. ग्लुटामिकचा ऋण प्रभार गेला म्हणून एस धन टोकाकडे सावकाश सरकतो, ए त्याच्या पुढे. एक अक्षर बदललं, जीएजीचं जीटीजी, आणि ते असं पट्टीवर दिसतं.

खानदेशी_बायो
हे दोन पट्टे म्हणजेच कोडॉमिनन्स, दोन्ही जीनांचा परिणाम एकत्र दिसणं. परीक्षेत 'सिकलसेल रिसेसिव्ह की कोडॉमिनंट' असं आलं की पोरं भांडतात, दोन्ही बरोबर आहे, कुठे बघताय त्यावर. आजाराच्या पातळीवर रिसेसिव्ह, म्हणजे दोन्ही एस असतील तरच आजार, एएसवाला सहसा धडधाकट असतो. हिमोग्लोबिनच्या पातळीवर दोन्ही अ‍ॅलील (जीनचे प्रकार) आपापलं काम करतात. नीटला मात्र ऑटोसोमल रिसेसिव्ह हेच उत्तर मार्क देतं, तिथे शहाणपणा नको.

आमच्या नंदुरबारकडे काय, गडचिरोलीकडे काय, एस एवढा टिकून का राहिला हे पण वाच, एएसवाल्याला फॅल्सिपॅरम मलेरियाचा गंभीर आजार होण्याचा धोका कमी असतो.

बारावीचं_भूत
भन्नाट, सगळ्यांचे आभार. ४३ आणि २ चं आजीला सांगितलं तर म्हणाली वाटाण्याचं आणि माणसाचं काय, पण गप्प बसली जरा. रंगीत पेनने काढून पण बघितलं, जमलं. पण मग एक सांगा, मामीच्या बाबतीत चार पेशी होतच नाहीत ना, एकच अंडं आणि बाकीच्या पोलर बॉडी (टाकून दिलेल्या छोट्या पेशी), मग अंड्यात ए की एस हे ठरतं कधी?

वाटाणे_सोलणारा
आता विचारलंस खरं! स्त्रीच्या अंडपेशी ती आईच्या पोटात असतानाच मेयोसिसला लागतात आणि प्रोफेज १ मध्ये थांबतात. क्रॉसिंग ओव्हर तेव्हाच उरकलेलं असतं, म्हणजे तुझ्या मामीच्या अंडपेशींमधली ए-एस ची अदलाबदल मामी तिच्या आईच्या पोटात असतानाच झाली. मग वर्षानुवर्षं नुसतं थांबणं. अंडं सुटायच्या सुमारास मेयोसिस १ पुरं होतं, पहिली पोलर बॉडी बाहेर, आणि परत मेटाफेज २ ला अडकतं. शुक्राणू आत शिरला तरच मेयोसिस २ पुरं होतं. आता वरचं जोड: मधे क्रॉसओव्हर झाला असेल तर सुटलेल्या अंड्यात ए आणि एस दोन्ही बसलेले असतात आणि त्यातला कुठला राहणार, कुठला दुसऱ्या पोलर बॉडीत जाणार, हे शुक्राणू शिरल्यानंतर ठरतं. पोलर बॉडी तपासणारे लोक हेच बघतात, पहिल्या पोलर बॉडीत दोन्ही अ‍ॅलील सापडले की समजायचं मधे क्रॉसओव्हर झालेला आहे आणि निकाल अजून लागायचाय.

सिकलसेल_लॅबवाला
भूत भाऊ, मामीचं एक लक्षात ठेव. दिवस राहिले की लगेच जिल्हा रुग्णालयात समुपदेशकाला भेटायला सांग, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत वाट बघत बसू नका. गर्भाच्या वारेचा बारीक तुकडा घेऊन जी तपासणी करतात ती साधारण १० व्या ते १३ व्या आठवड्यात होते. हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भाची तपासणी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्यात बसते, फक्त नोंदणी असलेल्या केंद्रातच करायची, आणि मुलगा-मुलगी तिथे कुणी सांगणार नाही. दोघांचे एचपीएलसीचे जुने रिपोर्ट सोबत न्या, आणि मुलीचा पण.