कांगा लीगमधली ओली विकेट

मुंबईतल्या कांगा लीग या क्रिकेट स्पर्धेबद्दल एक मत वाचलं: "कांगा लीगमध्ये साठ-सत्तर धावांमध्ये डाव गुंडाळले जातात, तिथे फलंदाज काय घडणार." ते मला अर्धंच पटलं. धावा कमी होतात, मान्य. १९४८ पासून ही स्पर्धा मुद्दामच भर पावसाळ्यात, झाकून न ठेवलेल्या विकेटवर, म्हणजे खेळपट्टीवर, खेळवतात. वाढलेल्या गवतात अगदी मधोमध बसलेला ड्राइव्हसुद्धा सीमारेषेच्या अलीकडेच मरतो. उचलून मारण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि मुंबईच्या कोचांनी 'चेंडू खाली ठेव' म्हणून डोकं खाल्लेल्या पोरांची तिथे खरी गोची होते.

पण विकेट सगळा वेळ सारखीच वाईट नसते, हे त्या मतात धरलेलं दिसलं नाही. आम्ही खालच्या डिव्हिजनमध्ये आझाद मैदानावर खेळायचो. सकाळी माती पूर्ण भिजलेली असेल तर चेंडू नुसता घसरत येतो, स्पिनरला पकड मिळत नाही, निभावून नेता येतं. जेवणाच्या सुमारास ऊन पडलं आणि वरचा थर सुकायला लागला की एक चेंडू नाकाशी, पुढचा घोट्याशी. त्यामुळे आमचा कॅप्टन टॉसआधी विकेटपेक्षा आभाळच जास्त बघायचा. विकेट सुकत असतानाच्या तेवढ्या वेळात पाय घट्ट रोवून, हात सैल सोडून जो टिकायचा त्याची बॅटिंग वीस धावांची असली तरी बघण्यासारखी असायची.