मदत हवी आहे : उच्च रक्तदाबासाठी नाकारलेले अपंगत्व निवृत्तीवेतन आणि अपिलाची मुदत

नमस्कार. माझे वडील भूदलातून २०१८ साली हवालदार पदावरून निवृत्त झाले. त्यांच्या अपंगत्व निवृत्तीवेतनाच्या, म्हणजे आपण ज्याला डिसॅबिलिटी पेन्शन म्हणतो त्याच्या, नाकारलेल्या मागणीबाबत मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

वडील १९९४ मध्ये भरती झाले, तेव्हाच्या वैद्यकीय तपासणीत त्यांच्यात कोणताही दोष नोंदलेला नव्हता आणि पुढची अनेक वर्षे त्यांची श्रेणी शेप-१, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, अशीच राहिली. राष्ट्रीय रायफल्स या बंडखोरीविरोधी दलाबरोबर काश्मीरमधील कुपवाडा भागातली नेमणूक पूर्ण करून ते पीस स्टेशनला, म्हणजे कारवायांपासून दूरच्या शांत ठाण्यावर, आले आणि त्यानंतर काही महिन्यांतच नेहमीच्या वार्षिक तपासणीत त्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला. लष्करी रुग्णालयात ‘प्रायमरी हायपरटेन्शन’ (दुसऱ्या कोणत्या आजारामुळे न झालेला उच्च रक्तदाब) असे निदान झाले, वैद्यकीय श्रेणी खाली आली, आणि तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. कुपवाड्यात असतानाच त्यांचे डोके वारंवार दुखत असे. एमआय रूममधून, म्हणजे तुकडीच्या दवाखान्यातून, गोळी घेऊन ते पुन्हा ड्यूटीवर जात. त्या काळात त्यांचा रक्तदाब कोणी मोजला होता की नाही, याचा कागद आमच्याकडे नाही.

निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्डाने अपंगत्व ३० टक्के आणि तेही आयुष्यभरासाठी ठरवले. परंतु त्याच कागदावर असा शेरा आहे की, रोगाची सुरुवात पीस भागात झाली, फील्डमधील (कारवायांच्या भागातील) ताणाशी त्याचा निकटचा संबंध दिसत नाही, त्यामुळे तो लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. याच शेऱ्यावर बोट ठेवून मागणी फेटाळल्याचे पत्र आले. सहा महिन्यांत अपील करता येईल असे त्या पत्रात लिहिले होते, मात्र सेवा निवृत्तीवेतन सुरू झालेले असल्यामुळे आणि ‘बीपीला काही मिळत नाही’ असे सर्वांनीच सांगितल्यामुळे वडिलांनी ते पत्र पेटीत ठेवून दिले.

आमच्या कोरेगाव तालुक्यातील एका माजी सैनिकाला अशाच प्रकरणात सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडून निवृत्तीवेतन मंजूर झाल्याचे कळल्यावर मी कागद पुन्हा वाचायला घेतले. इतक्या वर्षांनी पहिले अपील स्वीकारले जाते का, की थेट न्यायाधिकरणात जावे लागते? निदान पीस स्टेशनला झाले, ही गोष्ट खरोखरच निर्णायक आहे का? आणि प्रकरण मान्य झाले तर थकबाकी २०१८ पासून मिळते का?

एक अडचण कागदांपलीकडची आहे. वडिलांना वाटते की असे प्रकरण चालवणे म्हणजे ज्या पलटणीने आपल्याला घडवले तिच्याविरुद्ध तक्रार करणे. त्यांच्या या भावनेचा मला आदर आहे, म्हणून त्यांच्यासमोर ठेवता येईल असे काही नेमके उत्तर मिळाले तर फार मदत होईल.

प्रतिसाद १

ताई, मी स्वतः माजी सैनिक असून आमच्या भागातील काही जणांचे असे कागद तयार करून दिले आहेत, त्या आधारावर लिहितो.

मुदतीचा प्रश्न आधी घेऊ. पहिले अपील अभिलेख कार्यालयामार्फत (रेकॉर्ड ऑफिस) प्रथम अपील समितीकडे जाते आणि ते फेटाळले गेल्यास दुसरे अपील करता येते. अपील आता करा, उशिराची कारणे स्वतंत्र अर्जात लिहा आणि उशीर माफ करण्याची विनंती करा. न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्यानुसार उपलब्ध मार्ग आधी वापरणे अपेक्षित असते, परंतु अपिलावर सहा महिन्यांत अंतिम आदेश निघाला नाही तरी न्यायाधिकरणाचे दार उघडते. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी मुंबईचे खंडपीठ आहे. निवृत्तीवेतन दरमहा मिळायचे असते, म्हणून ते चुकीने नाकारणे हा सतत चालू राहणारा अन्याय मानला जातो; मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ मधील तरसेम सिंग निकालामुळे थकबाकी साधारणपणे प्रकरण दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे हक्क बुडत नाही, पण तुम्ही जितका उशीर कराल तितके मागचे महिने हातून जातात.

आता मुख्य मुद्दा. २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत उद्भवला असे धरावे आणि तसे नसेल तर वैद्यकीय मंडळाने त्याची कारणे द्यावीत. तो निकाल या निवृत्तीवेतनाच्या पात्रतेविषयीच्या १९८२ च्या नियमांवरचा आहे. तुमच्या वडिलांना २००८ चे नियम लागू होतात, आणि त्यांत हे गृहीतक तसेच राहिलेले नाही असा युक्तिवाद सरकार पक्ष हमखास करतो, त्यामुळे केवळ त्या निकालावर विसंबू नका. वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी लष्कराचीच जी मार्गदर्शिका वडिलांच्या निवृत्तीच्या वेळी लागू होती, तिच्या ४३ व्या परिच्छेदात फील्ड, अतिउंचावरील किंवा बंडखोरीविरोधी कारवायांच्या भागात सेवा करताना प्रायमरी हायपरटेन्शन झाल्यास ते सेवेमुळे वाढले असे मानावे, असे म्हटले आहे. अशा भागांतल्या दीर्घ आणि वारंवार सेवेनंतर हा आजार आढळल्याची प्रकरणेही तिथे नमूद आहेत, कारण ताणाला प्रत्येक शरीर वेगवेगळा प्रतिसाद देते. तुमच्या वडिलांचे निदान कुपवाड्याहून परतल्यावर काही महिन्यांतच झाले, हे तुमच्या अपिलाचे सर्वांत बळकट वाक्य असले पाहिजे. रक्तदाब ज्या दिवशी मोजला त्याच दिवशी तो सुरू झाला असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही, आणि मंडळाने हा विचार केल्याचे त्या एका ओळीच्या शेऱ्यातून दिसत नाही.

रकमेबाबत : शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के इतका अपंगत्व घटक असतो, म्हणून ३० टक्क्यांना वेतनाच्या ९ टक्के येतात. परंतु २०१४ च्या राम अवतार निकालानंतर ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व ५० टक्के धरण्याचा लाभ सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळतो, म्हणजे घटक १५ टक्क्यांवर जातो. हा लाभ अर्जात स्पष्ट शब्दांत मागा.

वडिलांना एवढेच सांगा की जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारच्या अशाच अनेक याचिका फेटाळताना हे निवृत्तीवेतन म्हणजे औदार्य नसून सैनिकाने सोसलेल्या त्यागाची न्याय्य पोच आहे, असे म्हटले आहे. त्यांच्या पलटणीने त्यांना काहीही नाकारलेले नाही. वाद आहे तो मंडळाच्या एका शेऱ्याशी.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. आपले उत्तर मी वडिलांना वाचून दाखवले आणि त्यांनी अपिलावर सही करायला होकार दिला आहे. कुपवाड्यातील एमआय रूमच्या नोंदी आता मिळू शकतील का?

प्रतिसाद २

माहितीच्या अधिकारात अभिलेख कार्यालयाकडे मेडिकल बोर्डाच्या संपूर्ण कार्यवाहीची प्रत, रुग्णालयातील केस शीट आणि नेमणुकांचा तारीखवार तपशील मागा. एमआय रूमच्या जुन्या नोंदी मिळाल्या नाहीत तरी ‘उपलब्ध नाहीत’ असे लेखी उत्तर घ्या. नेमणुकांच्या तारखा आणि पहिल्या निदानाची तारीख शेजारी-शेजारी दाखवणारा एक कागद अपिलाला सर्वांत वर जोडा. मसुदा तपासून घेण्यासाठी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, आणि वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत साहाय्याबाबत तिथूनच चौकशी करा.