खटाव तालुका: गायरानावर कोणती देशी झाडं लावावीत?

येरळाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वरच्या अंगाला ग्रामपंचायतीचं गायरान आहे. मुरमाड, पावसाळा सोडला तर पिवळंधम्मक. यंदा तिथं हजार झाडं लावायचं चाललंय. रोपवाटिकेत गिरिपुष्प आणि निलगिरी मिळतेय, पण मला देशीच हवीत. खड्डे मे महिन्यात जेसीबीनं घेणार, एक उन्हाळा टँकरनं पाणी घालू. कोणती जगतील?

वाईचा_घाट
वड, पिंपळ, कडुनिंब. डोळे झाकून लावा. खड्ड्याच्या तळाला पालापाचोळा टाका.

माणदेशी_ताई
दादा, गिरिपुष्प-निलगिरीला नाही म्हणालात, बरं वाटलं. पण खड्डे घ्यायच्या आधी तो माळ एकदा नीट फिरून बघा. मी दहिवडीजवळच्या वाडीतली, वडील मेंढरं राखायचे. कागदावर पडीक असलेल्या जमिनीवरच आमचं घर चाललं.

मे महिन्यात जेसीबी वर चढेल तेव्हा माळटिटवी अंड्यांवर बसलेली असते. घरटं म्हणजे खड्यांमधली जराशी खोलगट जागा. चार अंडी, मातकट, काळे ठिपके, निमुळती टोकं आत वळवलेली. दोन पावलांवर उभं राहिलात तरी दिसायची नाहीत. धाविकही त्याच दिवसांत उघड्या जमिनीवर अंडी घालतो. चाळकेवाडीच्या पठारावर तर याच उन्हात सरड्याचे नर दगडावर चढून गळ्याची निळी-काळी-केशरी झालर उघडतात. ती जात वेगळी आहे हे शास्त्रज्ञांनी २०१६ साली नोंदवलं.

आणि झाडं जगली तरी काय? पवन्या, मारवेल ही उन्हाची गवतं, दाट सावलीत टिकत नाहीत. गवत गेलं की चराई गेली, नाकतोडे गेले आणि थंडीत परदेशातून येणारे भोवत्या पक्षीही गेले. ते रात्र झाडावर नाही, गवतातच जमिनीवर काढतात. उलट कावळ्याला टेहळणीला फांदी मिळते, खालची अंडी-पिल्लं त्याच्या नजरेत येतात. खरपुडीचा कंद पावसाची वाट बघत जमिनीखाली असतो, तो जेसीबीच्या बकेटात कधी निघून गेला ते कळतही नाही.

कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. त्या कातळावर वड लावा असं कुणी म्हणत नाही. खटावला पाऊस कमी, फुलांचा तसा गालिचा नाही, म्हणून आपला माळ कुणाला दिसत नाही एवढंच.

कडेगावचा
ताई, पूर्ण पटलं नाही. आमचं सागरेश्वर बघा. उघडाबोडका डोंगर होता. धों. म. मोहित्यांनी ध्यास घेऊन झाडं लावली, १९८५ ला अभयारण्य झालं. जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर, पण सांबर, चितळ, काळवीट सगळं आहे. झाडं लावली म्हणूनच ना?

माणदेशी_ताई
मोहित्यांच्या कामापुढं मी हातच जोडते. पण तुटलेलं रान परत उभं करणं वेगळं आणि जिथं रान नव्हतंच तिथलं गवत उकरणं वेगळं. जुनी खोडं, बुडातून फुटलेले धुमारे, झुडपांची दाटी दिसली तर तिथं खुशाल लावा. नुसतं गवत, अधूनमधून एखादं हिवर नाहीतर बोर, खाली मुरूम असेल तर तो माळच. आणि काळवीट हे मूळचं मोकळ्या गवताचंच जनावर आहे.

येरळाकाठ
मग हजार रोपांचं काय करू? निधी आलाय, खर्च नाही झाला तर परत जाईल.

माणदेशी_ताई
लावा की! ओढ्याच्या दोन्ही काठांनी करंज, उंबर, जांभूळ. बांधांवर बोर, हिवर, बाभूळ, म्हणजे शेळ्यांनाही शेंगा होतील. शाळा, स्मशानभूमी, वाडीवस्तीचा रस्ता इथं वाईच्या दादांची यादी अगदी बरोबर बसते.

गायरानावर फक्त वणवा लागू देऊ नका. गवत बी झडल्यावर, दिवाळीनंतर कापा. चराई आळीपाळीनं ठेवा. एका वर्षी एक पट्टा बंद, पुढच्या वर्षी दुसरा. पण मेंढपाळांना विचारून, त्यांच्यावर लादून नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती करावीच लागते. तिच्याकडं लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी, ती मागून बघा. गायरानाचं पान कोरं असेल तर गावातल्या म्हाताऱ्या मेंढक्यांना बसवून भरून घ्या. टिटवी कुठं बसते, खोकडाची बिळं कुठल्या ओघळीला आहेत, लांडगा कुठनं उतरतो, सगळं त्यांना ठाऊक असतं.

ग्रामसभेत ठराव मांडणार असाल तर मजकूर मी लिहून देते. मार्चच्या आत कळवा, एकदा जेसीबीचं भाडं ठरलं की कुणी ऐकत नाही.