कुंडीतल्या वडाची पानं पिवळी पडतायत, काय करू?

गंगापूर_रोड: नमस्कार मंडळी, ३ वर्षांपूर्वी गच्चीच्या भिंतीत उगवलेलं वडाचं रोप काढून पसरट कुंडीत लावलं, खोड छान जाड झालंय, पण महिनाभर पानं पिवळी होऊन गळतायत. माती शेतातली काळी आहे, पाणी रोज सकाळी घालते. झाड हॉलमध्ये टीव्हीजवळ असतं. जीव लागलाय हो, प्लीज सांगा.

मातीवाला: ताई, काळ्या मातीनेच घोळ झालाय. आपल्याकडची ही माती पाणी धरून ठेवते, मुळांना हवाच मिळत नाही आणि ती सडतात. विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि थोडं कंपोस्ट असं मिक्स करा, बारीक धूळ चाळून काढून टाका. पाणी रोजच्या ठरलेल्या वेळी नको, बोट खुपसून बघा, वरची माती सुकली तरच घाला, आणि घातलं की खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. मुळं काळी, मऊ लागली तर तेवढीच छाटा.

पंचवटीकर: आणि हॉलमधून बाहेर काढा आधी! वड उन्हातलं झाड, त्याला खिडकीतला उजेडही कमीच पडतो. फक्त एकदम कडक उन्हात नको, आठवडाभर सकाळचं ऊन द्या मग वाढवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी सावलीची जाळी (शेड नेट) लावा, पसरट कुंडी पटकन तापते.

गंगापूर_रोड: थँक्यू! माती आजच बदलू का पावसाची वाट बघू?

मातीवाला: एरवी जूनच बेस्ट, पण मुळं सडत असतील तर थांबू नका. माती बदलल्यावर १५ दिवस सावलीत, खत अजिबात नको, मग वर सांगितल्यासारखं सकाळचं ऊन सुरू करा.