येलहंका २०२७: टायफून पुन्हा बघायला मिळेल का?

पुण्याचा_विमानवेडा: मंडळी, फेब्रुवारी २०२५ ला बंगळुरूजवळच्या येलहंका हवाई तळावर भरलेल्या एअरो इंडिया या विमान प्रदर्शनात सुखोई-५७ आणि एफ-३५ ही लढाऊ विमानं एकाच तळावर बघून डोळ्यांचं पारणं फिटलं. सुखोई नाक वर करून जवळजवळ जागच्या जागी वळलं, तेव्हा शेजारचे काका कॅमेरा खाली ठेवून नुसते बघत राहिले. पण माझा जीव टायफून या युरोपियन लढाऊ विमानात अडकलाय. पुढच्या वेळी येईल का?

जुना_येलहंकावाला: २०११ ला टायफून, ग्रिपेन, राफेल, एफ-१६, सुपर हॉर्नेट सगळी आली होती, कारण भारताच्या १२६ लढाऊ विमानांच्या खरेदीची स्पर्धा ऐन रंगात होती. विक्रीची आशा असेल तिथेच कंपन्या एवढा खर्च करतात. आता ११४ विमानांच्या खरेदीचा विषय आहे, पण राफेलचं पारडं जड दिसतंय. त्यामुळे टायफूनची आशा कमीच.

पुण्याचा_विमानवेडा: दादा, मग ग्रिपेन तरी?

जुना_येलहंकावाला: चालेल की! आणि अमेरिकन बी-१ बॉम्बर विसरू नका. २०२१ ला तेजस सोबत घेऊन डोक्यावरून गेलं होतं, तेही कुठल्याही स्पर्धेत नसताना.

नाशिककर_ताई: कोण येणार ते शेवटपर्यंत बदलत राहतं. तिकीट मात्र आधीच काढा, आणि इअरप्लग घ्या. लहान मुलं सोबत असतील तर नक्कीच.