फिक्स मेन्यूवर ग्रुपने जेवायला जाताना आधी काय काय विचारून घेता?

सहावी_खुर्ची

आम्ही सहा मैत्रिणी, कॉलेजपासूनच्या. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी एकत्र जेवायचं, हे नऊ वर्षं चाललंय. आधी हवं ते मागवायचो आणि बिलाचे सरळ सहा भाग करायचो. मग आमच्यातली एक हळूहळू यायची बंद झाली. कधी पाहुणे, कधी डोकं दुखतंय. शेवटी मी तिच्या घरी जाऊन बसले, तेव्हा कळलं की नोकरी गेलीय. म्हणाली, "तुम्ही सगळ्या मागवत असता ना, तेव्हा मी मनात बेरीज करत असते गं. घास उतरत नाही." त्याआधीच्या भेटीत तिने फक्त सूप घेतलं होतं आणि पैसे सहावा हिस्सा भरले होते. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर होते. मला दिसलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

त्यानंतर आम्ही फिक्स मेन्यू असलेल्याच ठिकाणी जायचं ठरवलं. तीन पदार्थ, एक रक्कम, घरून निघतानाच माहीत. ती परत यायला लागली. म्हणून मला या प्रकाराबद्दल फार माया आहे.

पण गेल्या महिन्यात गडबड झाली. नाव लिहीत नाही. मुख्य पदार्थांच्या तीन पर्यायांपैकी दोनांपुढे बारीक चांदणी होती, म्हणजे त्यांना वेगळे पैसे. पाण्याच्या बाटल्या न विचारता फोडल्या. तिघींनी वर सरबतं घेतली. कर आणि सर्व्हिस चार्ज निराळा. बिल ठरल्यापेक्षा जवळजवळ दीडपट, आणि कुणीतरी सवयीने म्हणालं, "चला, सहा भाग करू." ती टेबलाखाली पर्समध्ये नोटा मोजत होती. या वेळी मला दिसलं. मी पटकन "आज माझ्याकडून" म्हटलं, पण तिचा चेहरा उतरला तो उतरलाच.

तर, बुकिंग करताना तुम्ही नेमकं काय विचारता? आणि एकीचं म्हणणं आहे की फिक्स मेन्यूत उरलंसुरलं खपवतात. खरं आहे का?

भटारखान्यातून

ताई, चौदा वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढली आहेत, म्हणून लिहितो.

उरलंसुरलं खपवणारे असतात, नाही असं नाही. पण चांगल्या ठिकाणी उलट असतं. मोठ्या मेन्यूकार्डावर साठ पदार्थ असले तर साठांचीही तयारी ठेवावी लागते. त्यातले वीस त्या दिवशी कुणी मागवतच नाही आणि माल वाया जातो. फिक्स मेन्यूत प्रत्येक टप्प्याला दोन-तीनच पर्याय. किती माल लागेल याचा अंदाज येतो, खरेदी नेमकी होते, चिराचिरी सकाळीच उरकते, ताट लवकर जातं, टेबल लवकर सुटतं. दुपारी आणि आठवड्याच्या मधल्या वारी हा मेन्यू जास्त दिसतो, कारण गिऱ्हाईक असो नसो, भाडं आणि पगार चालूच असतात. स्वस्त देणं परवडतं ते यामुळे.

हे नवं नाहीच. पॅरिसमध्ये अठराव्या शतकात रेस्टॉरंटं निघण्याआधी खाणावळीत एकच मोठं टेबल असायचं. ठरलेली वेळ, ठरलेले पैसे, समोर येईल ते खायचं. आपलं वेगळं टेबल आणि छापील यादीतून निवड, ही नंतरची चैन. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली नावाजलेल्या रेस्टॉरंटांनी मिळून काही दिवस दुपारचं जेवण १९ डॉलर ९२ सेंटला दिलं, सालाचाच आकडा किंमत म्हणून. एरवी ज्यांची पायरी चढायला लोक बिचकत, तिथे ते आले. 'रेस्टॉरंट वीक', म्हणजे अनेक रेस्टॉरंटांनी मिळून काही दिवस ठरलेल्या किमतीत जेवण द्यायचं, त्याची सुरुवात ती. नव्या गिऱ्हाइकाला आपलं उत्तम दाखवायचं असतं, तिथे शिळं कोण वाढेल?

ओळखायची माझी खूण सांगतो. फिक्स मेन्यूची यादी ठरावीक दिवसांनी बदलते का, ते बघा. एकाच यादीचा कागद कोपऱ्यात मऊ पडलेला, तेलकट दिसला तर सावध. यादी बाजारातल्या हंगामाप्रमाणे हलत असेल तर किचन जागं आहे.

आणि चांदणीचं म्हणाल तर ती नेहमीची गोष्ट आहे. महाग माल असला की वेगळे पैसे लावतात, त्यात फसवणूक नाही. पण तीनपैकी दोनांना चांदणी म्हणजे सांगितलेली किंमत नुसती दाखवायला आहे. तिथे पुन्हा जाऊ नका.

हिशेबनीस

मूळ दुखणं मेन्यूचं नाही, सहा भागांचं आहे. २००४ साली अर्थशास्त्रज्ञ ऊरी ग्निझी आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. सहा-सहा अनोळखी विद्यार्थ्यांना रेस्टॉरंटमध्ये बसवलं. काही गटांत ज्याचं त्याने भरायचं, काही गटांत बिल समान वाटायचं. समान वाटणाऱ्यांनी माणशी साधारण एक-तृतीयांशाने जास्त मागवलं. मन वाईट असतं म्हणून नव्हे. आपण जास्तीचं मागवलं तर त्याचा सहावाच भाग आपल्याला पडतो, म्हणून हात सैल सुटतो. आणि विचारलं तेव्हा बहुतेकांना आपापलं बिल भरणंच पसंत होतं!

फिक्स मेन्यू हा प्रश्न सोडवतो, पण ताटापुरताच. पेयांवर मार्जिन जास्त असतं, त्यामुळे वेटर पहिलं तेच विचारणार. आमच्याकडे नियम असा: मेन्यूची रक्कम सगळ्यांची सारखी, वरचं सगळं टीटीएमएम, म्हणजे तुझं तू, माझं मी. हे वेटरला बसतानाच सांगायचं, बिल आल्यावर नाही. आणि "आज माझ्याकडून" टाळा. तुमचा हेतू मायेचा होता, पण त्या मैत्रिणीला तो सगळ्यांदेखत स्वीकारावा लागला.

दोन_घास

मला काही पदार्थ चालत नाहीत, ॲलर्जी आहे. तीन पर्यायांत माझ्यासाठी एकही नसतो असं बरेचदा होतं. बुकिंगच्या वेळीच सांगितलं तर बहुतेक ठिकाणी त्याच किमतीत बदलून देतात. आयत्या वेळी सांगितलं की किचनचा नाइलाज होतो. सहा जणी आहात, एकदा प्रत्येकीला विचारून ठेवा.

सहावी_खुर्ची

सगळ्यांचे मनापासून आभार. हिशेबनीस, तुमचं शेवटचं वाक्य लागलं, पण बरोबर आहे.

काल नवीन ठिकाणी फोन केला. एका कागदावर लिहून घेतलं होतं: कर आणि सर्व्हिस चार्ज धरून माणशी एकूण किती, कशाला वेगळे पैसे, साधं पाणी मिळेल ना, वरचं बिल वेगवेगळं कराल का, यादी केव्हा बदलते. पलीकडच्या बाईंनी न कंटाळता सगळं सांगितलं. यादी दर सोमवारी बदलते म्हणाल्या. एकूण आकडा मी ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "याच्यावरचं ज्याचं त्याने."

पाच मिनिटांत तिचा मेसेज आला: "मी येतेय. आणि या वेळी सरबत मीही घेणार."

शनिवारी जातोय.